चाचणीत एचटीटीपी रिक्वेस्ट मॉक कशा कराव्यात

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या चाचणीतून खऱ्या सर्व्हरकडे रिक्वेस्ट जाऊ दिल्या, तर नेटवर्क मंदावले किंवा सर्व्हरवरचा डेटा कोणी बदलला, की कोडमध्ये काही चूक नसतानाही चाचणी नापास होते. म्हणून रिक्वेस्ट वाटेतच अडवून तिला आपण ठरवलेले उत्तर द्यावे लागते; यालाच मॉक करणे म्हणतात. त्यासाठी पुष्कळजण 'फेच' हे रिक्वेस्ट पाठवणारे फंक्शनच बदलून टाकतात. मीही एकदा तसेच केले होते. ऑर्डरच्या यादीसाठी लिहिलेला माझा बनावट फेच नुसती उत्तरातला डेटा वाचणारी 'जेसन' ही मेथड असलेला ऑब्जेक्ट परत करत असे. त्यात रिक्वेस्ट यशस्वी झाली का हे सांगणारे 'ओके' नव्हते आणि उत्तराचा क्रमांक सांगणारा 'स्टेटस'ही नव्हता. खरा फेच 404 (पत्ता सापडला नाही) किंवा 500 (सर्व्हरमधला बिघाड) आल्यावर प्रॉमिस रिजेक्ट करत नाही, म्हणजे एरर देत नाही; 'ओके' आपल्यालाच तपासावे लागते, आणि नेमकी ती तपासणी माझ्या कोडमध्ये राहून गेली होती. चाचण्या मात्र सगळ्या हिरव्या होत्या. पुढे सर्व्हरने 500 दिला, तेव्हा त्यासोबतच्या जेसनमध्ये ऑर्डर नसल्यामुळे पानावर 'एकही ऑर्डर नाही' असे झळकले.

तेव्हापासून मी फेचला हात लावत नाही. मॉक सर्व्हिस वर्कर ही लायब्ररी वापरून नेटवर्कच्या पातळीवर रिक्वेस्ट अडवतो. एनपीएम या पॅकेज मॅनेजरने ती घेतल्यावर तिच्या 'इनिट' कमांडने वर्करची, म्हणजे पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये राहून रिक्वेस्ट अडवणाऱ्या स्क्रिप्टची, फाइल पब्लिक फोल्डरमध्ये ठेवावी. सर्व्हिस वर्करचा अंमल तो ज्या फोल्डरमध्ये असेल तिथपासून खालीच चालतो, म्हणून ती फाइल साइटच्या मुळाशी असावी; शिवाय तो एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरच चालतो. मग कोणत्या पत्त्याला कोणते उत्तर द्यायचे ते सांगणारे हँडलर लिहून ते 'सेटअप वर्कर'ला द्यावेत. वर्करच्या 'स्टार्ट'पुढे 'अवेट' लिहायला विसरू नये, नाहीतर पानाच्या पहिल्या काही रिक्वेस्ट खऱ्या सर्व्हरकडे निसटतात आणि चाचणी कधी पास, कधी नापास होत राहते. हँडलर नसलेली रिक्वेस्ट आल्यास ही लायब्ररी एरवी फक्त इशारा देते. तिथे एरर येईल अशी सेटिंग करावी. नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर, चालणाऱ्या चाचण्यांसाठी तेच हँडलर 'सेटअप सर्व्हर'ला देता येतात.

उत्तराचा नमुना मनाने रचू नये. ब्राउझरच्या डेव्हटूल्समधल्या नेटवर्क टॅबमधून खरे उत्तर उचलावे आणि त्यातली ग्राहकांची माहिती बदलून घ्यावी.

खरा वेळ द्यावा तो बिघाडांना. एखाद्या चाचणीपुरते 'यूज'ने हँडलर बदलून 500, रिकामी यादी आणि तुटलेले कनेक्शन तपासावे, आणि प्रत्येक चाचणीनंतर 'रीसेट हँडलर्स' करावे, म्हणजे एकीचे उत्तर दुसरीत शिरत नाही. उशिराने येणारे उत्तरही आवर्जून तपासावे: शोधपेटीत आधी 'को' आणि लगेच 'कोल्हापूर' लिहावे, पहिल्या रिक्वेस्टचे उत्तर मुद्दाम अर्धा सेकंद रोखून धरावे, आणि ते पोहोचल्यावरही पानावर कोल्हापूरचीच यादी टिकून आहे ना, हे पाहावे.