कॉल्डर कुणाला? दोन नवख्यांची तुलना कशी करावी

नागपुरात हॉकी म्हटली की टर्फच डोळ्यांपुढे येते. बर्फावरची एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग, पाहणारे आम्ही दोघे-तिघेच. हिवाळ्यात तिकडचे संध्याकाळचे सामने इथे पहाटे साडेपाचला लागतात. ते संपले की तर्री-पोह्याच्या ठेल्यावर वाद सुरू: मोसमातल्या सर्वोत्तम नवख्याची कॉल्डर ट्रॉफी कुणाला? वाद मुद्द्यावर ठेवायचा असेल तर असे करा.

आधी दोघेही नियमात बसतात का ते बघा. मागच्या कुठल्याही एका मोसमात 25 हून जास्त सामने झालेले नकोत आणि 15 सप्टेंबरला वय 26 पूर्ण नको. 1990 मध्ये सेर्गेई माकारोव्ह 31 व्या वर्षी हा मान घेऊन गेला, त्यानंतर वयाची ही अट आली.

आता कागदावर मधोमध रेघ मारा. सरावाला 2005-06 चा मोसम घ्या, यापेक्षा चांगली जोडी मिळायची नाही. अलेक्झांडर ओव्हेच्किन: 52 गोल, 54 असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलला लावलेला हातभार), एकूण 106 पॉइंट. सिडनी क्रॉस्बी: 39 गोल, 63 असिस्ट, एकूण 102. दोघांचेही सामने 81. बेरजेत फरक फक्त चारचा. पण गोल असो की असिस्ट, पॉइंट एकच मिळतो, म्हणून बेरीज फसवते. गोल वेगळे काढा, ओव्हेच्किनचे तेरा जास्त निघतात. मग शॉट लिहा: ओव्हेच्किन 425, क्रॉस्बी 278. नेम क्रॉस्बीचाच सरस, शंभरात 14 गोल, ओव्हेच्किनचे 12. काही जण याला ओव्हेच्किनचा हावरेपणा म्हणतात. मला पटत नाही. दर सामन्यात पाचवर शॉट मारायचे तर तितक्यांदा बचावातून जागा काढावी लागते.

कोण कुठल्या जागी खेळतो तेही लिहा. क्रॉस्बी सेंटर, म्हणजे मधला आक्रमक; फेसऑफ (खेळ सुरू होताना चकतीसाठीची झुंज) त्याच्याकडे आणि मागे येऊन बचावाची जबाबदारीही. ओव्हेच्किन डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेचा आक्रमक, त्याला मोकळीक जास्त. इथे क्रॉस्बीला थोडे झुकते माप द्या.

वयाला मात्र वेगळा रकाना नको. आमचा एक मित्र दर वेळी बोटाला लागलेल्या तर्रीसकट कागदावर टिचकी मारतो, "अठरा वर्षांचं पोर आहे बे ते!" खरे आहे, क्रॉस्बी अठराचा, ओव्हेच्किन वीसचा होता. पण ट्रॉफी या मोसमाची, पुढच्या दहा वर्षांची नाही. ती ओव्हेच्किनलाच मिळाली.

सामने सारखे नसतील तर सरासरी काढा. 2015-16 मध्ये आर्तेमी पानारिनचे 80 सामन्यांत 77 पॉइंट, कॉनर मॅकडेव्हिडचे 45 मध्ये 48. सरासरीत मॅकडेव्हिड पुढे, पण दुखापतीने अर्धा मोसम गेला; मान पानारिनला.

हॉकी पत्रकार साखळी सामने संपल्यावर, प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या) आधी मते देतात. म्हणून कागद तेव्हाच बंद करा. प्लेऑफमधला गोल कितीही देखणा असला तरी त्यावर चढवायचा नाही.