इलेक मॅनला तीन फटक्यांत पाडण्यासाठी

१९८७ च्या मूळ 'मेगा मॅन' या व्हिडिओ गेममध्ये इलेक मॅन या बॉसचा थंडर बीम, म्हणजे त्याचा विजेचा मारा, फार महागात पडतो. तुमच्या जीवनशक्तीच्या पट्टीत २८ एकक असतात, त्यातले १० एका फटक्यात जातात. म्हणजे भरलेली पट्टीसुद्धा तिसऱ्या फटक्याला संपते. साध्या बस्टरने, म्हणजे सुरुवातीपासून हातात असलेल्या बंदुकीने, त्याच्याशी झुंजणं म्हणजे हौस!

हरवलेल्या बॉसचं हत्यार तुम्हाला मिळतं, म्हणून सुरुवात गट्स मॅन या बॉसपासून करा. तो जमिनीवर आदळेल त्या क्षणी तुम्ही हवेत हवे, नाहीतर धक्क्याने आडवे व्हाल. त्याच्याकडून ठोकळे उचलून फेकणारी सुपर आर्म मिळाली की कट मॅन या बॉसकडे जा. त्याच्या खोलीत दोन ठोकळे असतात आणि दोन्ही नेमके लागले की तो संपतो, म्हणून घाईत एकही वाया घालवू नका. आता त्याचा रोलिंग कटर तुमच्या हातात आला. याचे तीन फटके इलेक मॅनला पुरतात. फटका बसल्यावर तो काही क्षण लुकलुकतो, तेवढ्यात फेकलेला कटर फुकट जातो. लुकलुकणं थांबू द्या, मगच पुढचा.

इलेक मॅनच्या टप्प्यात शिड्या चढताना ठोकळ्यांआड मॅग्नेट बीम (हवेत उभं राहायला पायऱ्या तयार करणारं साधन) ठेवलेला दिसेल. ते ठोकळे सुपर आर्मने उचला. बरेच जण इथे बॉसकडे धावतात आणि पुढे खलनायक डॉ. वायलीच्या किल्ल्यात, पहिल्याच टप्प्यावर, या बीमवाचून अडतात. राहिलाच तर किल्ल्याआधी हा टप्पा पुन्हा खेळता येतो. तेव्हा जिंकलेल्या थंडर बीमनेही ठोकळे फुटतात.