आधी नोटीस, मग आमराई

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका आमराईत मी पहिलं लग्न लावलं. होम नाही, अंतरपाट नाही. दोघांनी एकमेकांना वचन दिलं, जांभळाचं रोप लावलं, वऱ्हाडानं अक्षतांऐवजी फुलं टाकली. नवरीची आई डोळे पुसत म्हणाली, "चांगलं झालं की हो." दोन महिन्यांनी दाखला काढायला गेले तेव्हा कळलं, कायद्याच्या लेखी ते लग्न झालेलंच नव्हतं. ती पोरगी माझ्यासमोर रडली. म्हणून बिनपुरोहिताची लग्नं आणि अंत्यविधी करायच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

हिंदू विवाह कायद्यात रूढीचे विधी व्हावे लागतात. विधी नसतील तर नुसत्या नोंदणीनं लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली स्पष्ट सांगितलंय. तमिळनाडूनं बिनपुरोहिताच्या लग्नासाठी ७-अ हे वेगळं कलम घातलं; कर्नाटकात ते लागू नाही. आपल्याला उरतो १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. मग विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, पुढचे ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. तीन महिने उलटले की नोटीस पुन्हा पहिल्यापासून. आणि आपल्या सीमाभागात हे विसरूच नका: मुलगा कायमचा गडहिंग्लजचा असेल तर नोटिशीची प्रत कोल्हापूर जिल्ह्यातही जाते, तिथल्या फलकावर लागते. घरच्यांना न सांगता आलेल्या जोडप्याला हे पहिल्याच भेटीत सांगा. सह्या झाल्याशिवाय आमराईची तारीख देऊ नका.

"देवळाची पावती मिळवून देतो" म्हणणारे, म्हणजे न झालेल्या विधींचा खोटा कागद देणारे, एजंट भेटतील. त्यांना दारात उभं करू नका. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ च्या डिसेंबरात पहिलं लग्न लावलं, ते उघडपणे, विरोध सोसून. आपण खोट्या पावतीवर लग्न लावायचं?

अंत्यविधीला कागद थोडे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, बस्स. पण वचनांचे मसुदे मोबाईलवर मिळतात, मयताच्या घरी बसायचं कसं ते मिळत नाही. एखाद्या जाणत्या माणसामागं वर्षभर मुकाट उभे राहा. मी एका निवृत्त गुरुजींमागं राहिलो. आवाज फुटेल, घाबरू नका, लोक सांभाळून घेतात. रक्षा नदीत न सोडता शेतात झाडाच्या मुळाशी घालणं आपल्याकडं बऱ्याच गावांत रुळलंय, त्यामुळं तिथं वादही फारसा होत नाही. आदल्या रात्री त्या घरी जाऊन बसा, वही काढू नका. कुणीतरी आपसूक सांगतं, तात्या रात्री उसाला पाणी पाजायला जाताना काय गुणगुणायचे ते.