पन्नाशीनंतर सायकल घेताय? या चुका टाळा

सोलापुरात पहाटे साडेपाचला होटगी रोडला किंवा विजापूर रोडला उभं राहिलं, की साठीच्या आसपासचे सायकलवाले हमखास दिसतात. कुणाची सीट इतकी खाली, की गुडघे हँडलला लागायच्या बेतात. कुणाची चेन मागच्या सगळ्यात छोट्या चक्रावर, आणि माणूस उभा राहून पायडल दाबतोय. दोन महिन्यांत यातल्या बऱ्याच सायकली जिन्याखाली जातात आणि मालक सांगतात, "गुडघे राहिले नाहीत हो आता." गुडघे बहुतेकदा ठीक असतात. सायकलच चुकीची घेतलेली असते, नाहीतर चांगली सायकल चुकीची लावलेली असते.

वय वाढतं तशी आधी झटक्याची ताकद जाते. सावकाश, पण बराच वेळ चालत राहायची ताकद बरीच वर्षं टिकते. म्हणून या वयात सायकल अशी हवी, की पायडल हलकं फिरेल आणि भरभर फिरेल. सीट, गिअर, हँडल, टायर सगळं याच हिशोबानं निवडायचं. दुकानात मात्र पहिला प्रश्न येतो, "किती गिअरची आहे?"

गिअर मोजू नका, दाते मोजा

२१ गिअर म्हणजे पुढे ३ चक्रं, मागे ७. या आकड्यावरून सायकल चढाला हलकी जाईल की नाही, हे काहीच कळत नाही. बघायच्या दोनच गोष्टी: पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते. पुढच्या आकड्याला मागच्यानं भागा. उत्तर १ च्या खाली आलं तर सायकल तुमच्या कामाची. १.२ च्या वर असेल तर ती तिशीतल्या पोराला द्या.

उदाहरणाला काळी, बिनगिअरची सायकल धरा. पुढे ४४, मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण ५.४ मीटर जाते. वाकड्या हँडलच्या रेसर सायकलला पुढे ३४, मागे २८ असेल तर भागाकार १.२१, म्हणजे अडीच मीटरच्या थोडं वर. २६ इंची चाकाच्या साध्या गिअर सायकलला पुढे २४, मागे २८ असतात, तिथे ०.८६, म्हणजे १.८ मीटर.

आता तुळजापूरच्या अलीकडचा घाट डोळ्यांसमोर आणा. चढ शंभराला पाच धरा, तुम्ही ७५ किलो, सायकल १५ किलो, पायडल मिनिटाला ६० फेरे. रेसरवर तुम्हाला सतत १३० वॉटच्या आसपास जोर लावावा लागतो. १.८ मीटरच्या गिअरवर तेच काम ९० वॉटच्या थोडं वर होतं. वेग ताशी ९ वरून साडेसहावर येतो, एवढाच फरक. साठीतल्या बेताच्या तब्येतीच्या माणसाला १३० वॉट म्हणजे पाच मिनिटांत धाप. ९० वॉटला तो बोलत बोलत चढतो.

हाच हिशोब वजनाला लावून बघा. सायकल १५ किलोऐवजी १२ किलोची घेतली, तर एकूण ९० किलोतले ३ किलो कमी झाले. चढावर फायदा तीन टक्क्यांच्या आसपास. त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे आणि गिअर मात्र पोरांचा घ्यायचा, हा धंदा ज्यांना करायचा त्यांनी खुशाल करावा.

दुसऱ्या टोकाला जाड टायरवाली, दोन शॉकरची सायकल. "शॉकर आहे, कंबरेला आराम पडेल" म्हणून ती घेणारे दर महिन्याला भेटतात. विजापूर रोडचे एक काका, वय ६३, बँकेतून निवृत्त. त्यांनी १८ किलोची अशी सायकल घेतली. स्वस्तातला मागचा शॉकर प्रत्येक पायडलला खाली बसतो आणि वर येतो. पायातला जोर चाकाला मिळायच्या आधी स्प्रिंगच खाते. महिनाभरानं त्यांना वाटलं, मागचं चक्र मोठं केलं की काम होईल. कल्पना बरोबर होती. पण मेकॅनिकनं २८ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, काढून ३४ चं बसवलं आणि चेन व डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) जुनंच ठेवलं. पुढच्या रविवारी काका ग्रुपबरोबर तुळजापूरला निघाले. घाटात दम लागल्यावर पुढचं चक्र मोठंच राहू दिलं आणि मागचा गिअर एकदम ३४ वर ओढला. चेन पुरली नाही. डिरेलर पुढे ताणला गेला, तो लटकतो ती पट्टी पिळली आणि सगळं लटांबर चाकाच्या तारांत गेलं. सायकल टेम्पोत घालून परत आली, आणि डिरेलर, चेन, पट्टी, चार तारा असा खर्च वर.

मागचं चक्र मोठं करायचं असेल तर तीन गोष्टी तपासून घ्या. एक, डिरेलर किती दात्यांपर्यंत चालतो. साध्या गिअर सायकलींवरचे काही डिरेलर २८ लाच थांबतात, काही ३४ पर्यंत जातात. मॉडेलचा नंबर मागच्या बाजूला छापलेला असतो. दोन, चेनची लांबी. चेन डिरेलरमधून न घेता पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून फिरवा, टोकं जुळतात तिथून आणखी दोन कड्या, म्हणजे एक इंच जास्त ठेवा आणि मग तोडा. जुनी चेन कमी पडत असेल तर नवी घ्या. झिजलेल्या चेनला नव्या कड्या जोडून देणारे आहेत, त्यांचं ऐकू नका. ती नव्या दात्यांवर उड्या मारते. तीन, सायकल स्टँडवर घेऊन एकेक गिअर हातानं टाकून बघा, मोठ्याला मोठं लावूनसुद्धा. दुकानातच, तुमच्या डोळ्यांसमोर. "होतंय मालक, चालवा तुम्ही" हे उत्तर धरू नका.

आणि चढ लागायच्या आधी गिअर बदला. चढात जोर लावत असताना बदलला तर चेन कुरकुरते, अडकते, तुटतेसुद्धा. इतकी साधी गोष्ट, पण नव्या माणसाला घाईच फार.

दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा हट्ट

सगळ्यात जास्त गुडघे याच हट्टानं घालवलेत. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकत असतील तर सीट फार खाली आहे, यात वाद नाही. तसं बसलं की पायडल वर येताना गुडघा नको तेवढा दुमडतो, आणि त्याच दुमडलेल्या अवस्थेत जोर लावावा लागतो. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. मग लोक गुडघ्याला पट्टा बांधतात, तेल चोळतात, सीट मात्र तिथेच.

उंची बघायची पद्धत सोपी आहे. भिंतीला टेकून सायकलवर बसा, नेहमीची चप्पल-बूट घालून. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलायला नको. मग पंजा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो, तेवढाच हवा. मापानंच करायचं असेल तर अनवाणी भिंतीला उभे राहा, जांघेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्याला ०.८८३ नं गुणा. ८० सेंटिमीटर आले तर उत्तर साधारण ७०.६. क्रँकच्या, म्हणजे पायडलचे दांडे फिरतात त्या जागेच्या, मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर ठेवायचं.

सीट एकदम वर करू नका. वर्षानुवर्षं खाली बसून चालवलं असेल तर आठवड्याला अर्धा सेंटिमीटर पुरे. गुडघ्याच्या मागे ओढ बसायला लागली किंवा मागून बघणाऱ्याला तुमचं कुल्लं डावी-उजवीकडे हलताना दिसलं, तर जास्त झालं. थोडी खाली घ्या. सीटच्या दांड्यावर खालच्या बाजूला एक खूण कोरलेली असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. दिसत असेल तर दांडा लांब घ्या किंवा फ्रेमच मोठी घ्या. खूण बाहेर ठेवून चालवलं तर दांडा वाकतो, नाहीतर फ्रेमची नळी फाटते.

मग सिग्नलला थांबायचं कसं? सीटवरून पुढे उतरायचं. ब्रेक दाबा, एक पायडल खाली ठेवून त्यावर उभे राहा, दुसरा पाय जमिनीवर टेका. संभाजी तलावाकडे सकाळी गर्दी नसते, तिथे वीस वेळा करून बघा, जमतं. ज्यांची कंबर किंवा मांडी आखडते, पाय मागून फिरवून चढणं अवघड जातं, त्यांनी खाली झुकलेल्या दांड्याची फ्रेम घ्यावी. "लेडीज सायकल" म्हणून नाक मुरडणारे लोक चढताना पाय अडकून पडलेले आहेत.

हँडल, वारा आणि ऊन

मान, खांदे आणि मनगटाला आराम हवा असेल तर हँडल सीटच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा. नवीन सायकलला हँडलखाली १० मिलिमीटरच्या दोन-तीन चकत्या येतात. "छान दिसत नाही" म्हणून त्या काढून वरची नळी कापून देणारे आहेत. कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही. नको म्हणा.

ताठ बसल्यानं वारा जास्त अंगावर येतो, हे खरं. पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा वारा दणकून असतो. तेव्हा जाताना वाऱ्याविरुद्ध जा, येताना तो पाठीशी राहील. उलट केलं, की पंधरा किलोमीटर मजेत जातात आणि परतीला रिक्षा शोधावी लागते. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. सातच्या आत घरी या.

बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर मनगटावरच्या घड्याळातला हृदयाचा आकडा धरून जोर लावू नका. ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढी खूण पुरते. छातीचा, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, मग दुकान.

सायकल अचानक जड चालायला लागली

लगेच वयाला दोष देऊ नका. पुढचं चाक उचला आणि हळूच फिरवून सोडा. चांगलं चाक थांबताना जड बाजू खाली येईपर्यंत पुढे-मागे झुलतं, झोपाळ्यासारखं. मध्येच गपकन थांबलं तर एकतर ब्रेकचं रबर रिमला घासतंय किंवा हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, कोन जास्त आवळलेत. नवीन सायकल जोडताना घाईत कोन आवळून देणं हा नेहमीचा प्रकार आहे. मागच्या चाकाचं तेच. मग चेन: बोट लावून काळी, कोरडी, वाळू लागल्यासारखी वाटली तर फडक्यानं पुसून प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, आणि पाच मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसा. ओतू नका. आपली धूळ त्या तेलात बसून दाते खाते.

हवा आठवड्याला एकदा. ३५ मिलिमीटरच्या टायरला ५० ते ६० पीएसआय, २६ इंची जवळपास दोन इंच रुंद टायरला ३५ ते ४५. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं "टणक" भरून घेतलं की खड्डा थेट मनगटात येतो. व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टाचा असेल तर पितळी अडॅप्टर सायकललाच लावून ठेवा. हायवेवरच्या दुकानात तो नसतो.

मऊ, जाड जेलची सीट दहा मिनिटं गादीसारखी वाटते, तासाभरानं बधिर करते. बसायच्या दोन हाडांना आधार देणारी, मध्यम कडक सीट घ्या. बॅटरीची सायकल वाईट नाही, पण ती वीस-पंचवीस किलोची असते. बॅटरी संपल्यावर चढ चढून बघा आणि मगच पैसे द्या. बॅटरी उन्हात तापलेली असताना चार्जिंगला लावू नका.

आणि काटे. रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ जिथे तिथे आहे, पंक्चर ठरलेलं. बहुतेक लोक ट्यूबला ठिगळ लावतात, टायर परत चढवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी हवा जाते. कारण काट्याचं टोक टायरमध्येच मोडून राहिलेलं असतं. बाहेरून दिसत नाही, आत अर्धा मिलिमीटर वर आलेलं असतं. ट्यूबचं भोक आणि टायर जुळवून जागा ठरवा. टायर आतून फडक्यानं पुसा, जिथे फडकं अडकेल तिथे चिमट्यानं टोक काढा. बोट फिरवू नका, बोटातच जाईल. काढलेला काटा रस्त्यावर टाकू नका, खिशात ठेवा. मागून ग्रुपमधले बाकीचे येत असतात.