बीओडी लावताना एकाच बाटलीवर भरोसा नको

राजेहो, उकड्या तांदळाच्या राइस मिलचं पाणी असो का संत्रा प्रोसेसिंगचं, बीओडी (पाण्यातली घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) एकाच डायल्यूशनवर (सॅम्पल पातळ करायच्या एकाच प्रमाणावर) कधीच लावू नका. असल्या पाण्याचा बीओडी लिटरमागं हजार मिलिग्रॅमच्या वर सहज जाते आन् बाटलीतल्या पाण्यात 27 डिग्रीला ऑक्सिजनच लिटरमागं जेमतेम 8 मिलिग्रॅम मावते, मंग तीन दिवसांनी पाहाल तर डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) शून्य, मेहनत पाण्यात. आधी सीओडी (रसायनानं घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) करून अंदाज घ्या, बीओडी हजाराच्या आसपास वाटला तर 0.2, 0.5 आन् 1 टक्का सॅम्पल टाकलेल्या बाटल्या लावजा. डीओ निदान 2 मिलिग्रॅमनं उतरला पाहिजे आन् शेवटी निदान 1 मिलिग्रॅम उरला पाहिजे, त्याच बाटलीचं रीडिंग धरायचं, बाकीच्या सोडून द्या.

पाण्यात क्लोरीन किंवा ॲसिड असलं तर आधी न्यूट्रल करा, जंतू मेले असतील तर सीड (जिवंत जंतू असलेलं पाणी) टाका, नाहीतर घाण पाणीही कागदावर चांगलं दिसते. बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका, वरचं वॉटर सील (बुचाभोवतीचं पाणी) सुकू देऊ नका.

आन् आपल्याकडं मे महिन्यात सॅम्पल बर्फाच्या डब्यातच आणा, गाडीच्या डिक्कीत नाही. लाइट जाते म्हणून इन्क्युबेटर बॅकअपवर ठेवाच, 27 डिग्री तिन्ही दिवस टिकली पाहिजे.