डिस्क गोल्फचा सराव : एकाच फेकीची तयारी

डिस्क गोल्फ म्हणजे हाताने डिस्क (चकती) फेकत कमीत कमी फेकींत ती साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये घालण्याचा खेळ. त्याच्या फेरीत एका जागेवरून एकच फेक करायला मिळते. ती चुकली तर पुढची फेक नव्या जागेवरून, नव्या अंतरावरून आणि बहुधा आधीपेक्षा अडचणीच्या स्थितीतून करावी लागते. सराव मात्र आपल्यापैकी बहुतेक जण याच्या अगदी उलट करतात. दहा डिस्क घेऊन एकाच ठिकाणी उभे राहायचे, त्या एकामागून एक फेकत राहायचे आणि सहावी-सातवी डिस्क साखळ्यांवर आदळून बास्केटमध्ये पडू लागली की सराव चांगला झाला असे मानायचे, ही पद्धत सर्वत्र दिसते. पहिल्या पाच डिस्क कुठे गेल्या याची नोंद कोणी ठेवत नाही आणि फेरीत उपयोगी पडते ती नेमकी पहिलीच. म्हणून पुढे मांडलेल्या सरावात दोन टप्पे आहेत : आधी हालचाल अंगवळणी पडावी यासाठी पुनरावृत्ती आणि नंतर तीच हालचाल एकदाच, मोजून आणि परिणामाची जबाबदारी घेऊन करण्याची सवय.

या मांडणीला संशोधनाचाही आधार आहे. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या जलद हालचाली शिकवण्याचा एक प्रयोग केला होता. एका गटाने एकेका हालचालीचा सलग सराव केला आणि दुसऱ्या गटाने त्याच हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला, पण दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत उलटसुलट सराव करणाऱ्यांची कामगिरी अधिक चांगली ठरली. सरावाच्या वेळी सहज जमते ते टिकतेच असे नाही, एवढी एक गोष्ट मनात पक्की ठेवली तरी सरावाची आखणी बदलते.

वेळ कशाला द्यावा

आठवड्यात चार तास मिळत असतील तर माझ्या मते त्यांपैकी दोन तास पटिंगला (बास्केटमध्ये घालण्यासाठी जवळून केलेल्या फेकीला, म्हणजे पटला), एक तास अप्रोचला (डिस्क बास्केटजवळ आणणाऱ्या फेकीला) आणि एक तास मोकळ्या मैदानावरील लांब फेकीला द्यावा. ही विभागणी ऐकून नवे खेळाडू नाराज होतात, कारण लांब फेकीचा आनंद वेगळाच असतो. मीही पहिली काही वर्षे जवळजवळ सगळा वेळ ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीच्या डिस्क, फेकण्यात घालवला आणि फेक लांबली तरी गुणसंख्या सुधारेना याचे नवल करत राहिलो. प्रत्येक होलचा, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून (टी) बास्केटपर्यंतच्या टप्प्याचा, शेवट बास्केटपाशी होतो आणि सहा मीटरवरून चुकलेल्या पटची किंमत शंभर मीटरच्या फेकीइतकीच, म्हणजे पूर्ण एक फेक असते. दोन तास एका दिवशी सलग करण्यापेक्षा रोज वीस मिनिटे करणे अधिक चांगले, कारण त्यामुळे आठवड्यात सहा वेळा ‘पहिली’ पट करायला मिळते.

पटिंग

बास्केटपासून १० मीटरच्या आतल्या भागाला पहिले वर्तुळ म्हणतात. या वर्तुळात नियम वेगळा आहे : डिस्क सोडल्यानंतर खेळाडूने मार्करच्या (फेकीची जागा दाखवणाऱ्या छोट्या चकतीच्या) मागे तोल पूर्णपणे सावरलेला दाखवावा लागतो, त्यानंतरच त्याला बास्केटच्या दिशेने पुढे जाता येते. सरावात मात्र आपण डिस्क सुटताच तिच्यामागे चालू लागतो आणि सामन्यात पाय पुढे पडून दंडाला पात्र ठरतो. म्हणून पहिल्या दिवसापासून जमिनीवर मिनी मार्कर ठेवूनच सराव करावा आणि साखळ्यांचा आवाज थांबेपर्यंत जागेवर उभे राहावे.

सुरुवात ४ मीटरवरून करावी. इतक्या जवळून डिस्क आत जाईलच, म्हणून लक्ष डिस्क आत जाण्याकडे न देता हालचालीकडे द्यावे. पुढच्या पायावर वजन येताना हात लक्ष्याकडे सरळ उघडतो का, सुटल्यावर बोटे साखळीच्या ज्या कडीकडे पाहत होतो तिकडेच रोखलेली राहतात का आणि डिस्कचा पुढचा काठ वर तर उचलला जात नाही ना, या तीन गोष्टी तपासाव्यात. संपूर्ण बास्केटकडे पाहून पट करू नये. साखळीची एकच कडी निवडावी आणि नजर तिच्यावरच स्थिर ठेवावी, कारण नजर मोठ्या वस्तूवर पसरली की हातही ढिला पडतो. मनगटाचा झटका देऊन भरपूर फिरत जाणारी पट करायची की पाय आणि खांद्याच्या जोरावर हळुवार ढकललेली, हा प्रत्येकाच्या शरीराचा प्रश्न आहे. मात्र एक पद्धत निवडल्यावर किमान दोन-तीन महिने तिच्याशी प्रामाणिक राहावे. दर आठवड्याला पद्धत बदलणाऱ्याला कोणतीच नीट येत नाही.

हालचाल बसू लागली की मोजणीच्या खेळाकडे वळावे. फिनलंडमधील खेळाडूंकडून जगभर पसरलेला आणि जेवायएलवाय या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा खेळ मला सर्वांत उपयुक्त वाटतो. पाच पटर (पटिंगच्या डिस्क) घेऊन १० मीटरवरून सुरुवात करायची. पाचही आत गेल्या तर पुढची खेपही १० मीटरवरून, चार गेल्या तर ९ मीटरवरून, तीन गेल्या तर ८, दोन गेल्या तर ७, एक गेली तर ६ आणि एकही न गेल्यास ५ मीटरवरून पुढची खेप घ्यायची. प्रत्येक खेपेत आत गेलेल्या डिस्कची संख्या त्या अंतराने गुणायची आणि अशा वीस खेपांची बेरीज करायची. कमाल गुण १००० होतात. या खेळाचे सामर्थ्य असे की तो खेळाडूला आपोआप त्याच्या कुवतीच्या सीमेवर नेऊन उभा करतो : फार चुका होऊ लागल्या तर अंतर कमी होते आणि जम बसला की लगेच वाढते. शंभर पटमध्ये तो पूर्ण होतो आणि शेवटी एकच संख्या हातात उरते, जी पुढच्या आठवड्याच्या संख्येशी ताडून पाहता येते.

पण यातही पाच डिस्क सलग फेकल्या जातात. म्हणून प्रत्येक सत्राच्या शेवटी, आणि शक्य असल्यास सुरुवातीलाही, एका डिस्कच्या वीस पट कराव्यात. डिस्क बास्केटभोवती कुठेही ठेवावी, अंतर ५ ते १० मीटरच्या दरम्यान प्रत्येक वेळी बदलावे, चढ-उतार आणि झाडाआडच्या जागा मुद्दाम निवडाव्यात, जाऊन उभे राहावे, श्वास सोडावा आणि एकदाच पट करावी. चुकली तर चुकली, त्याच जागेवरून पुन्हा करायची नाही. काही पट पाय फाकवून उभे राहून, तर काही एक गुडघा टेकून कराव्यात, कारण झुडपामागे पडलेल्या डिस्कवरून नेहमीच्या पवित्र्यात उभे राहताच येत नाही आणि हे कसब ऐन सामन्यात प्रथमच आजमावण्याची वेळ येऊ नये. वीसपैकी किती आत गेल्या हा आकडा जेवायएलवायच्या गुणांपेक्षाही खरा असतो, असा माझा अनुभव आहे.

वारा असेल त्या दिवशी सराव टाळू नये. समोरून येणारा वारा डिस्कला उचलतो आणि ती बास्केटच्या वरून जाते. मागून येणारा वारा तिला खाली दाबतो आणि ती आखूड पडते. हे वाचून कळते, पण किती खाली किंवा किती वर नेम धरायचा याचा अंदाज हातालाच यावा लागतो.

अप्रोच

अप्रोच म्हणजे २५ ते ६० मीटरवरून डिस्क बास्केटजवळ आणून ठेवणे. या सरावाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण तो चुकला तरी चूक पटिंगच्या खात्यावर जमा होते. नऊ मीटरवरची पट हुकली की खेळाडू पटिंगला दोष देतो, पण चाळीस मीटरवरची फेक नऊ मीटर लांब पडली हे विसरतो.

बास्केटभोवती ४ मीटर त्रिज्येचे वर्तुळ दोरीने किंवा दगड ठेवून आखावे. ३०, ४० आणि ५० मीटरवरून आळीपाळीने, प्रत्येक वेळी अंतर बदलत, एकेक डिस्क फेकावी आणि लगेच जाऊन ती पटही पूर्ण करावी. दहा प्रयत्नांपैकी किती वेळा दोन फेकींत होल पूर्ण झाले ते लिहून ठेवावे. नेम चुकल्यास कोणत्या बाजूला चुकला हेही लिहावे, कारण बहुतेक खेळाडूंची चूक एकाच बाजूला होत असते आणि ते स्वतःला माहीत नसते. शक्य तेथे बाहेरचा काठ खाली झुकवून सोडलेली, म्हणजे हायझर फेक वापरावी. तिचा शेवट ठरलेल्या दिशेला होतो, त्यामुळे तिचा भरवसा धरता येतो. जमीन कडक असेल तर डिस्क घसरत पुढे जाते, तेव्हा ती कुठे टेकते यापेक्षा कुठे थांबते यावर सराव मोजावा.

मोकळ्या मैदानावर

लांब फेकीच्या सरावाआधी डिस्क अशी का वळते हे समजून घेणे उपयोगाचे आहे. डिस्क वेगात असताना तिला उचलणाऱ्या बलाचा केंद्रबिंदू मागच्या बाजूला असतो आणि वेग कमी झाला की तो पुढे सरकतो. फिरत्या वस्तूवर असे बल आले की ती पुढे-मागे न कलता बाजूला कलते. म्हणूनच उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वेगात असताना थोडी उजवीकडे वळू शकते आणि वेग ओसरताच डावीकडे झुकते. फोरहँड फेकीत डिस्क उलट दिशेने फिरत असल्याने हे सारे उलट होते. डिस्कवर छापलेल्या चार आकड्यांतील पहिला आकडा तिला लागणाऱ्या वेगाचा, दुसरा तरंगत राहण्याचा, तिसरा सुरुवातीच्या वळणाचा आणि चौथा शेवटच्या झुकण्याचा असतो. पहिला आकडा १२ असलेला ड्रायव्हर त्याला लागणारा वेग मिळाला नाही तर लगेच डावीकडे कोसळतो. नव्या खेळाडूने तो बाजूला ठेवून मिडरेंज (मध्यम अंतराच्या डिस्क) आणि पटरवर मेहनत घ्यावी, हाताचा दोष त्या डिस्क लपवत नाहीत.

पहिल्या दहा फेकी जागेवर उभे राहून, सत्तर टक्के जोराने कराव्यात. पाय न हलवता डिस्क सरळ आणि सपाट जात नसेल तर धावत येऊन ती अधिकच वाकडी जाईल. त्यानंतर एका पावलाने आणि शेवटी पूर्ण पदन्यासाने फेकावे. पुढचा काठ वर असला तर डिस्क चढत जाते, अडखळते आणि अंतर गमावते. नवख्या खेळाडूचे अंतर बहुतेक वेळा येथेच वाया जाते, ताकद कमी पडल्यामुळे नव्हे. मोबाइल बाजूला आणि पाठीमागे ठेवून चित्रण केल्यास हा दोष लगेच दिसतो. मग एकच मिडरेंज घेऊन ती सपाट, हायझर आणि उलट झुकवलेल्या अनहायझर अशा तीन कोनांत, प्रत्येक वेळी कोन बदलून फेकावी. खांदे आणि मनगटे आधी सैल करावीत, पूर्ण जोराच्या फेकी एका दिवशी चाळीसच्या आत ठेवाव्यात आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा.

महिन्यातून दोन वेळा कोर्सवर वेगळी फेरी खेळावी. एक फेरी फक्त एका पटरने खेळावी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक जागेवरून दोन डिस्क फेकाव्यात आणि त्यांपैकी वाईट पडलेली डिस्क घेऊन पुढे खेळावे. ही फेरी दमवणारी असते, कारण तीन मीटरची पटसुद्धा सलग दोनदा घातल्याशिवाय होल संपत नाही. पण आपला खेळ नेमका कुठे कच्चा आहे हे इतक्या स्पष्टपणे दुसरा कोणताही सराव दाखवत नाही.

वहीत दर सत्राची तारीख, वारा, जेवायएलवायचे गुण, वीस एकट्या पटचा निकाल आणि दहा अप्रोचचा निकाल एवढेच लिहावे. चार आठवड्यांनी वही उघडून ज्या रकान्यातील आकडा हललेला नाही त्याला पुढच्या महिन्यात रोजची पाच मिनिटे जास्त द्यावीत. सामन्याच्या आदल्या दिवशी नवे काही करू नये. सामन्याच्या दिवशी ३ ते ५ मीटरवरून दहा-बारा पट, दोन-तीन अप्रोच आणि कमी जोराच्या पाच-सहा फेकी पुरतात. त्यानंतर एक पटर हातात ठेवून बाकीच्या डिस्क पिशवीत टाकाव्यात, ६ मीटरवर मार्कर ठेवावा, एक पट करावी आणि ती आत गेली किंवा न गेली तरी टीकडे चालू लागावे.