पीकप्रयोगाची कच्ची आकडेवारी ऑनलाइन भांडारात जमा करताना

कृषी विद्यापीठांतील प्रबंध आता ‘कृषिकोश’ या ऑनलाइन संग्रहावर वाचायला मिळतात, ही मोठी सोय झाली आहे. परंतु प्रबंधाच्या तक्त्यांत छापलेली असते ती प्रत्येक उपचाराची (उदाहरणार्थ, खताच्या एका मात्रेची) सरासरी आणि तिच्याखालची एस.ई. (प्रमाण त्रुटी) व सी.डी. (उपचारांतला फरक खरा मानण्यासाठी लागणारे किमान अंतर) यांची ओळ. ज्या वाफ्यांतून ती सरासरी निघाली, त्या प्रत्येक वाफ्याचे वजन निरीक्षणवहीत किंवा विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये राहते आणि पदवी हाती पडल्यानंतर बहुधा कोणालाच सापडत नाही. रब्बी ज्वारीच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करू पाहणाऱ्या संशोधकाला मात्र वाफानिहाय नोंदी, पेरणीची तारीख, हंगामातला पाऊस आणि जमिनीची खोली हे सारे हवे असते. कोरडवाहू पट्ट्यात घाम गाळून घेतलेल्या नोंदी अशा वाया जाऊ नयेत, म्हणून त्या रिपॉझिटरीत, म्हणजे आकडेवारीच्या कायमस्वरूपी ऑनलाइन भांडारात, जमा करण्याची रीत येथे सांगत आहे.

प्रथम भांडार निवडावे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांतील शास्त्रज्ञांसाठी परिषदेचे ‘कृषी’ पोर्टल आहे. पाटनचेरू येथील इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवरील) आणि मेक्सिकोतील सिमिट (मका व गव्हावरील) या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थांची स्वतःची भांडारे ‘डेटाव्हर्स’ या प्रणालीवर चालतात आणि त्यांत मुख्यतः त्या संस्थांच्या व त्यांच्या प्रकल्पांतील भागीदारांच्या नोंदी जातात. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातील ज्या विद्यार्थ्याचा अशा प्रकल्पाशी संबंध नाही, त्याला हार्वर्ड विद्यापीठाचे डेटाव्हर्स वापरता येते. ते कोणत्याही देशातील संशोधकाला विनामूल्य खुले आहे. पुढील पायऱ्या डेटाव्हर्सच्या आहेत, आणि इतर भांडारांतही थोड्याफार फरकाने हाच क्रम असतो. खाते उघडण्यापूर्वी मार्गदर्शकांची व विभागप्रमुखांची लेखी संमती घ्यावी, कारण विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरील आणि अनुदानित प्रकल्पातील आकडेवारीवर केवळ विद्यार्थ्याचा हक्क नसतो.

खरे काम संगणकावर फॉर्म उघडण्यापूर्वीचे आहे, आणि माझ्या मते तीन चतुर्थांश वेळ तिथेच द्यावा. समजा, नत्राच्या सहा मात्रांचा आणि चार पुनरावृत्तींचा प्रयोग आहे. तक्त्यात चोवीस ओळी हव्यात, एका वाफ्याला एक ओळ. वाफा क्रमांक, पुनरावृत्ती, उपचार, धान्याचे वजन, कडब्याचे वजन असे प्रत्येकी स्वतंत्र रकाने हवेत. एकत्र केलेले चौकोन, रंगवलेल्या ओळी आणि तळाशी लिहिलेली बेरीज हे सर्व काढून टाकावे, कारण रंगाचा अर्थ सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, उरत नाही. जी नोंद घेतलीच नाही तिथे शून्य लिहू नये. रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेल्या वाफ्याचे उत्पादन शून्य नसते, ते अज्ञात असते. तिथे चौकोन रिकामा ठेवावा आणि कारण शेऱ्याच्या रकान्यात लिहावे.

एककांकडे विशेष लक्ष द्यावे. निव्वळ वाफा, म्हणजे कडेच्या ओळी सोडून मोजलेला भाग, ३.६ मीटर × ४.५ मीटर असेल तर त्याचे क्षेत्र १६.२ चौरस मीटर होते आणि वाफ्यातील १.८ किलो धान्य म्हणजे हेक्टरी सुमारे ११११ किलो. अशा वेळी वाफ्यातील मूळ वजन आणि हेक्टरी उत्पादन असे दोन्ही रकाने द्यावेत व निव्वळ वाफ्याचे आकारमान सोबत नोंदवावे. मग कोणीही हिशेब तपासू शकतो. धान्य तोलताना त्यात ओलावा किती टक्के होता, हेही लिहावे.

शेतकऱ्यांच्या सर्वेक्षणात याहून अवघड चूक दडलेली असते. आपल्याकडे ‘२.२०’ असे लिहिले की ऐकणाऱ्याला दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर, समजते. एक्सेल मात्र शेवटचे शून्य गाळून २.२ एकर असे वाचते, आणि दोन एकर पाच गुंठ्यांसाठी लिहिलेले ‘२.५’ अडीच एकर होऊन बसते. परगावच्या संशोधकाला ही चूक कधीच कळणार नाही. म्हणून एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत लिहून, एकरात ४० गुंठे आणि एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर या हिशेबाने तिसरा रकाना हेक्टरचा करावा. पेरणीचेही तसेच आहे. ‘हस्तात पेरली’ हे उत्तर शेतकऱ्याच्या दृष्टीने अचूक आहे, पण तो सुमारे दोन आठवड्यांचा काळ होतो; शक्य असेल तिथे तारीख विचारून घ्यावी, ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहावी, आणि नसेल तर नक्षत्राचा रकाना तसाच ठेवून त्याचा अर्थ स्पष्ट करावा. एक्सेल ‘५-१०’ (म्हणजे पाच ते दहा) अशा गटाची आपोआप तारीख करते, त्यामुळे तो रकाना आधीच मजकुराच्या स्वरूपात ठेवावा.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली गावांची नावे दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन दिसतात. फाइल जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा, संख्या देवनागरी अंकांत न ठेवता इंग्रजी अंकांत ठेवाव्यात आणि फाइलचे नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावे.

याच टप्प्यावर शेतकऱ्यांची ओळख काढून टाकावी. नाव, मोबाइल क्रमांक आणि गट क्रमांक वगळणे पुरेसे नाही. लहान गावात वय, जात आणि धारणक्षेत्र एकत्र वाचले की माणूस ओळखू येतो. वयाचे गट करावेत आणि शेताचे अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर दोनच अंकांपर्यंत ठेवावेत, म्हणजे स्थान साधारण एक किलोमीटरच्या अचूकतेने कळते आणि हवामानाशी सांगड घालण्यास बहुधा तेवढे पुरते. शेतकऱ्याने विश्वासाने सांगितलेली कर्जाची रक्कम त्याच्या नावाला चिकटून जगापुढे जाणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

तक्त्यासोबत साध्या मजकुराची ‘रीडमी’ फाइल जोडावी. तिच्यात प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक व मोजण्याची पद्धत, प्रयोगाची रचना, वाण, जमिनीचा प्रकार, हंगाम आणि पावसाच्या नोंदी कोणत्या केंद्रावरच्या आहेत, हे लिहावे. ‘२०१८-१९’ एवढेच न लिहिता पेरणी व काढणीच्या तारखा द्याव्यात, कारण रब्बी हंगाम दोन वर्षांत विभागलेला असतो.

आता लॉगिन करून ‘ॲड डेटा’ व ‘न्यू डेटासेट’ निवडावे. शीर्षक, लेखक, संपर्क, वर्णन आणि विषय ही माहिती अनिवार्य असते. विषयात ‘ॲग्रिकल्चरल सायन्सेस’ निवडावे. शीर्षकात पीक, प्रयोगाचे स्वरूप, ठिकाण आणि वर्ष यावे. लेखकाच्या नावासोबत त्याचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, द्यावा, कारण एकाच आडनावाचे अनेक संशोधक असतात. संपर्कासाठी शिक्षण संपल्यावर बंद होणारा ईमेल देऊ नये. शोधशब्द जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ‘ॲग्रोव्हॉक’ या बहुभाषिक शब्दसंग्रहातून घ्यावेत, म्हणजे ज्वारीवरचा हा संच आफ्रिकेतील ज्वारी संशोधकालाही सापडेल.

फाइल चढवल्यावर डेटाव्हर्स तक्ता वाचून त्याची जतन करण्याजोगी प्रत तयार करते. एक्सेल फाइल दिल्यास मात्र ती पहिलेच पान वाचते, म्हणून प्रत्येक पानाची वेगळी सीएसव्ही फाइल करणे चांगले. आकडेवारी इतरांनी कशी वापरावी हे सांगणारा परवाना ‘सीसी झीरो’ (कोणतीही अट नाही) किंवा ‘सीसी बाय’ यांपैकी संस्थेच्या धोरणानुसार निवडावा. दुसऱ्यात श्रेय देणे बंधनकारक असते. शोधनिबंध अजून प्रसिद्ध झाला नसेल तर फाइल मर्यादित ठेवता येते. वर्णन सर्वांना दिसते आणि आकडेवारी मागणी केल्यावर मिळते.

जतन करताच मसुद्याला डीओआय क्रमांक, म्हणजे संचाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक, मिळतो, परंतु संच प्रकाशित होईपर्यंत त्याचा दुवा उघडत नाही. या काळात खासगी दुवा तयार करून मार्गदर्शकांना व परीक्षकांना तपासायला द्यावा. प्रयोगाची काहीच माहिती नसलेल्या सहकाऱ्याकडे केवळ रीडमी आणि तक्ता देऊन प्रबंधातील एखादी सरासरी काढायला सांगावे. त्याचे उत्तर जुळले नाही, तर दुरुस्तीची वेळ हीच आहे, कारण प्रकाशित झालेला संच पुसता येत नाही. मागे घेतला तरी तो कधी अस्तित्वात होता याची नोंद राहते. काही संस्थांच्या भांडारांत प्रथम ‘सबमिट फॉर रिव्ह्यू’ करावे लागते आणि तपासनीस त्रुटी दाखवून संच परत पाठवतात. त्या दुरुस्त करून तो पुन्हा पाठवावा.

प्रकाशनानंतर पहिली आवृत्ती १.० असते. वर्णनातील किरकोळ सुधारणेने ती १.१ करता येते. फाइल बदलली की २.० होते आणि जुनी आवृत्तीही पाहता येते. नव्या आवृत्तीत काय बदलले ते रीडमीमध्ये तारखेसह लिहावे, आणि शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत डीओआयसोबत आपण वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांकही द्यावा.